साहेब येईपर्यंत

रंगूबाई मोटेवर गेली होती म्हणून बरं. नाहीतर नानासो पाटील खिशात तार घालून दारात आला, तेव्हा सासूचं तोंड बघूनच पोरीनं सगळं ओळखलं असतं.

"साळूबाई, जोतीराम गेला. जर्मनाच्या लढाईत," पाटलानं सांगितलं, आणि तिनं टाहो फोडायच्या आत पुढचंही सांगून टाकलं. "पर आत्ता वरडू नगंस. भरतीचा साहेब साताऱ्यासनं निघालाय, तुज्या सुनंचा फोटू काढाय."

माणच्या या कोरड्या मुलखात शिपायाची एक बायको स्वतः मोट हाकते, औत धरते, असं साहेबाच्या कानावर गेलं होतं. अशा बायांचे फोटो आणि त्यांच्या तोंडची हकीकत सरकारला छापून गावोगाव वाटायची होती. ते बघून बाकीच्या बाया नवऱ्यांना खुशाल भरतीला धाडतील, असा हिशेब.

"रांडमुंड बाईचा फोटू कोन घील? साहेब खूश झाला तर गावाला पान्याची नवी हीर देतो म्हनलाय. दुपारपातूर दम धर."

"माजा एकुलता एक ल्योक गेलाय, नानासो."

"गेलेलं मानूस माघारी येतंय व्हय? हीर तरी हुईल."

मेल्याच्या जिभेला हाड नव्हतं. साळूबाईनं मान हलवली, पण ती विहिरीसाठी नव्हे. तिच्या मनात आलं, आणखी अर्धा दिवस पोरगी सवाष्ण राहील. तेवढंच तिच्या हातात उरलं होतं.

रंगूबाई हसतच घरी आली. पाटलिणीनं तिच्यासाठी हिरवं इरकली लुगडं धाडलं होतं. ते नेसून ती सासूपुढं बसली.

"आत्ती, कुकू तुमीच लावा. माजं वाकडं लागतंया."

साळूबाईनं तिच्या कपाळावर मेण लावलं, त्यावर कुंकू टेकवलं आणि पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"आवं, रडताय कशापायी?"

"धूर लागला गं डोळ्याला."

चूल सकाळपासून पेटलीच नव्हती.

विहिरीवर सारा गाव लोटला. एका रंगूबाईला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. फोटोवाल्यानं तिला बैलांचा कासरा धरून उभी केली आणि काळ्या कापडात डोकं घातलं. मग साहेबाचा कारकून गंगाधर वही उघडून पुढं बसला.

"एकटीनं मोट हाकताना भीती नाही वाटली?"

"भ्या कसलं? पैल्यांदा बाया हसल्या. बैलं काय हसली न्हाईत."

"बाकीच्या बायकांना काय सांगाल?"

"धाडा म्हनावं मालकास्नी. रडत बसू नगासा. आमचं मालक दिवाळीला येत्यात. तवर येक वावर पडीक ठेवायची न्हाई मी." मग ती जरा पुढं सरकली. "ह्यो फोटू त्यास्नी बी धाडशिला न्हवं? मी मोट हाकती ते त्यास्नी ठावंच न्हाई. बगून लय हसतील."

गंगाधरला कुणी सांगितलं होतं की नाही कोण जाणे. त्यानं पलटणीचा पत्ता विचारला आणि शांतपणे उतरवून घेतला. साहेबानं शाब्बासकी दिली, विहिरीचा शब्द दिला, आणि त्याची मोटार दहिवडीच्या वाटेला लागली.

धुरळा बसायच्या आत पाटलीण साळूबाईच्या कानाशी लागली. "आदी लुगडं फेडून घ्या, मग सांगा तिला. असल्या वक्ताला तिच्या अंगावर माजं लुगडं नगं."

हिच्या झिंज्या उपटाव्यात असं साळूबाईला वाटलं. पण ती सुनेला घरात घेऊन गेली आणि तिच्या हातात जुनेर दिलं. रंगूबाईची बडबड चालूच होती. साहेबाचे बूट केवढे, फोटोवाला कापडात कसा घुसला, एक ना दोन. जुनेर नेसून, लुगड्याची घडी घालून ती दारात आली आणि थांबली.

अंगणात आळीतल्या साऱ्या बाया तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. मागून येऊन साळूबाईनं तिचा बांगड्यांचा हात घट्ट धरला. रंगूबाईनं दुसऱ्या हातानं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"कोन गेलं वं, आत्ती?" तिनं हळूच विचारलं. "थांबा, मी बी येती संगं."