तिसऱ्या नंबरचा सेन्सर

माझ्या मुलाचं आणि जावयाचं पहिल्या दिवसापासून विळ्याभोपळ्याचं सख्य. आमच्या हॅचरीतल्या मशीनचा प्रोग्राम मुलाने आठ वर्षांपूर्वी आपला आपण शिकून लिहिला. जावई मोठ्या कंपनीत काम करून आलेला. त्याने तो प्रोग्राम पाहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "हे संग्रहालयात ठेवा." तिथे जे बिनसलं ते बिनसलंच.

मशीन म्हणजे खोलीएवढं कपाट. आत बारा हजार अंडी, पाच सेन्सर आणि हीटर. ऊब साडेसदतीसच्या आसपास हवी. दोन-तीन अंश वर जाऊन काही तास तशीच राहिली, की पिल्लं अंड्यातच मरायला लागतात. सेन्सरांचा काही भरवसा नसतो. म्हणून पाचही आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावायचे आणि मधला खरा धरायचा. एखादा सेन्सर बरळला तरी मधला आकडा सहसा फसवत नाही.

जावयाला नवा प्रोग्राम बसवायचा होता, बिघाड झाल्यावर फोनवर कळवणारा. पण हीटर चालवणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड, प्रोग्राम ज्या भाषेत लिहितात तिच्या जुन्या आवृत्तीवरच चालतं, आणि कार्ड बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. मधला आकडा काढणारं फंक्शन, मीडियन, नव्या आवृत्तीत आयतं मिळतं. जुन्या आवृत्तीत ते नाही. अशा वेळी नवीतली सोय जुनीत चालेल अशी हाताने लिहून घालायची. त्याला हे लोक बॅकपोर्ट म्हणतात.

"आठ ओळींचं काम, मामा," जावई म्हणाला. "तेही सभ्यपणे केलंय. मशीनमध्ये मीडियन आधीच असेल तर ते घे, नसेल तरच माझं घे. पुढे आवृत्ती बदलली तरी कुणाला हात लावायला नको."

मुलगा त्याच्या पाठीशी उभा राहून वाचत होता. वाचून झालं तसा म्हणाला, "छान लिहिलंय, दाजी."

चार वर्षांत त्याने दाजींच्या हातच्या चहालाही कधी बरं म्हटलं नव्हतं.

"मेहुणेराव, तब्येत बरी आहे ना?" जावयाने विचारलं.

मुलगा हसला आणि गोदामात निघून गेला. मी तेव्हाच खडसवायला हवं होतं.

अकरा वाजता नवा प्रोग्राम चालू झाला. चार वाजता मी नेहमीप्रमाणे दार किलकिलं करून एक अंडं काढलं आणि मिटल्या पापणीला लावलं. थर्मामीटर घेण्याआधीपासून मी असाच अंदाज घेतो. पापणीला चटका बसला.

"मशीन तापलंय."

जावयाने मान वर केली नाही. "सदतीस पूर्णांक सहा दाखवतंय. तुमच्याच अंगात ताप असेल."

मी स्क्रीनपाशी गेलो. मी वाचायला उशिरा शिकलो, त्यामुळे वाचतो ते हळू आणि सगळंच वाचतो. पहिला सेन्सर चाळीस. दुसरा चाळीसच्या थोडा वर. तिसरा सदतीस पूर्णांक सहा. चौथा चाळीस, पाचवा साडेचाळीस. तिसरा सेन्सर दाराजवळ आहे. दाराचं रबर फाटलेलं, म्हणून तो कायम दोन-अडीच अंश थंड सांगतो.

"जावईबापू, पाचांत हा मधला कसा? हा तर सगळ्यात लहान."

आता मात्र त्याने मान वर केली. चेहरा पार उतरला. मी हीटरचं बटण दाबून बंद केलं आणि दोन्ही दारं सताड उघडली. पण उघडं तरी किती वेळ ठेवणार? अंडी गारठूनही मरतात.

त्याने आठही ओळी तीनदा वाचल्या. "माझं फंक्शन बरोबर आहे! शंभर टक्के बरोबर आहे!"

"तुमचं फंक्शन बरोबरच आहे, दाजी," दारातून मुलगा म्हणाला. "पण ते चाललंय कुठे?"

तो येऊन बसला आणि मिनिटभरात त्याने जुन्या फोल्डरमधली एक फाइल उघडून दाखवली. आठ वर्षांपूर्वी त्याने स्वतःच एक मीडियन लिहून ठेवलं होतं. तो आकडे आधी लहानापासून मोठ्यापर्यंत लावून घ्यायचा आणि मग त्या फंक्शनला द्यायचा, त्यामुळे ते डोळे झाकून तिसरा आकडा उचलायचं. जावयाच्या प्रोग्रामने विचारलं, मीडियन आहे का? आहे, असं उत्तर आलं. मग त्याने स्वतःचं बाजूला ठेवलं आणि न लावलेले आकडे तसेच्या तसे पुढे केले. पाच तास आमचं मशीन दाराजवळच्या त्या थंड सेन्सरला गरम करत बसलं होतं.

"दुसऱ्याच्या घरात शिरताना आत कोण राहतं ते विचारावं माणसाने," मुलगा म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहत होतो. "तुला हे सकाळीच कळलं होतं."

"मला कुणी विचारलं?"

"छान लिहिलंय म्हणालास."

"छानच लिहिलंय."

"बारा हजार जीव आहेत रे आत!"

"जरा तोंडावर पडू दे म्हटलं. तासाभरात सांगणारच होतो, बाबा. गोदामात कामाला लागलो, राहून गेलं."

जावई उठून त्याच्या अंगावर धावला. मी हातातली काठी मध्ये घातली. "आधी दुरुस्ती. मारामारी बाहेर जाऊन करा."

जावयाने तो सभ्य प्रश्न काढून टाकला आणि आपल्या फंक्शनला वेगळं नाव दिलं. दारं लावली, हीटर चालू केला. आकडे जागेवर आले. मग मी वरचा ट्रे ओढला आणि एकेक अंडं दिव्यावर धरलं. काहींत सावली हलत होती. काहींत नव्हती.

"बाबा, द्या, मी बघतो," मुलगा म्हणाला.

"या खोलीची चावी टाक."

"प्रोग्राम माझा आहे. आठ वर्षं चाललाय."

"चावी."

त्याने ती टेबलावर आपटली. जावयाचा हात लगेच पुढे आला.

"तुमचा हात मागे घ्या." मी चावी खिशात घातली. "उद्यापासून दोघांनीही माझ्यासमोर बसून लिहायचं. मी प्रत्येक ओळ वाचणार."

"मामा, एक ओळ वाचायला तुम्हाला पाच मिनिटं लागतात."

"मग पाच मिनिटं थांबायचं."

अंधार पडेपर्यंत आम्ही तिघे ट्रे तपासत राहिलो. ज्यांत काही हलत नव्हतं ती अंडी मी कचऱ्यात टाकू दिली नाहीत. निम्मी मुलाच्या टेबलावर मांडायला लावली, निम्मी जावयाच्या. वास सुटेपर्यंत ती तिथेच राहतील, असं सांगून मी खोलीला कुलूप लावलं.