पालथी गादी

दान आलेल्या गादीला डाग असला की ती पालथी घालायची, हा आमच्या संस्थेत मिळणारा पहिला धडा. कुणी लिहून ठेवलेला नाही, पण गोदामात आठवडाभर काम केलं की हातांना आपोआप येतो. डाग खाली, बरी बाजू वर, आणि त्यावर कोरी चादर. चादर मात्र कोरीच लागते, कारण फोटोत चादर दिसते.

आमची संस्था म्हणजे आपला देश सोडून, जीव मुठीत धरून इथे आलेल्या माणसांना घर लावून देणारी. चांगलं काम आहे. मी ते पोटतिडकीने करते, असं मॅडम प्रत्येक कार्यक्रमात माझ्याबद्दल सांगतात आणि मग चहाचे कप उचलायला मलाच सांगतात. मॅडम म्हणजे आमच्या अध्यक्ष. माझं काम सामान निवडायचं. लोक पिशव्या आणून टाकतात, मी त्या उघडते. केस अडकलेले कंगवे निघतात. काखेत पिवळे पडलेले शर्ट निघतात. एकदा दात घासायचा ब्रश निघाला, त्याला चिठ्ठी होती, ‘धुतलेला आहे.’ आणि एकदा बिस्किटाचा पुडा, त्यातलं वरचं बिस्कीट अर्धं खाल्लेलं, दातांची नक्षी जशीच्या तशी. देणाऱ्याला वाटलं असेल, भुकेलं माणूस, त्याला काय कळतंय.

अशा पिशव्या उघडून उघडून माझं नाक निबर झालंय. पण त्या सकाळी गोदामाचं शटर वर केलं आणि मी दोन पावलं मागे सरले.

“मामा, काय मेलंय आत?”

मामा म्हणजे आमचे टेम्पोवाले. त्यांना सगळेच मामा म्हणतात, मॅडमसुद्धा. तेही असेच बाहेरून आलेले, काही वर्षांपूर्वी. आमची भाषा इतकी शिकले की आता आमच्याच भाषेत आम्हाला टोमणे मारतात. नवी माणसं त्यांच्याच मुलखातली असली की दुभाषाचं कामही त्यांच्याच गळ्यात.

“मेलं काही नाही, ताई. कालची गादी आहे. शोरूमवाल्यांची.”

शोरूमवाले आमचे सर्वांत मोठे देणगीदार. सोफे, पलंग, गाद्या यांची मोठाली दुकानं. दुकानात गाद्यांची थप्पी छतापर्यंत. पण त्यांनी दिली ती स्वतःच्या आईची. आई नुकतीच गेली होती, बरेच महिने अंथरुणाला खिळून. आम्ही आदल्या दिवशी ती त्यांच्या घरून उचलली, तेव्हा ती प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली होती आणि त्यांच्या गड्याने कोपरापर्यंत हातमोजे घातले होते. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

आम्ही प्लास्टिक सोडवलं. मधोमध मोठा तपकिरी डाग, कडेला पिवळी झालर. मी सवयीने म्हटलं, “पालथी घाला.” घातली. दुसऱ्या बाजूला तोच डाग, उलट जास्त काळा. म्हणजे त्यांच्या घरीही कुणीतरी ती आधीच पालथी घातली होती.

“आता?” मामा म्हणाले. “आता तिसरी बाजू शोधा.”

“गप्प बसा.”

“मला पहिल्या दिवशी मिळाली होती ना गादी, ती मी आल्या आल्या उलटी केली. उकाडा होता, म्हटलं दुसरी बाजू गार असेल.” ते हसले. “तेव्हापासून मी तुमच्या चादरींना फार मानतो.”

मी शिवणीवर बोट फिरवलं. शिवणीच्या घडीत काळे ठिपके, मिरपूड सांडल्यासारखे. ते कशाचे असतात हे मला ठाऊक होतं. मी बोट जमिनीवर घासून पुसलं.

गादी जायची होती एका बाईच्या घरी. बाई आणि तिची लहान मुलगी, एवढंच कुटुंब. दोघी हिवाळाभर वसतिगृहाच्या मोठ्या हॉलमध्ये राहिल्या होत्या. तिथे खाटेला खाट लागून. मुलीला तिथे खरूज झाली, मग ढेकणांनी फोडून काढली. शेवटी आईने तिचं डोकं भादरलं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती पोरगी भिंतीला पाठ घासत उभी होती, गाईगुरांसारखी. आई मामांमार्फत मला एकच गोष्ट सांगत होती. “घर कसंही असू दे. पण पोरगी खाजवणार नाही, अशी जागा पाहिजे.”

आता तिला घर मिळत होतं, दोन खोल्यांचं, पण आमचा एक नियम आहे. दिलेली वस्तू नको म्हटलं तर तो एक नकार. दोन नकार झाले की घर पुढच्या कुटुंबाला. नियम मॅडमनी केला, कारण देणगीदारांची मनं दुखावतात. या बाईचा एक नकार आधीच लागला होता. तिला मुलीसाठी वापरलेल्या चड्ड्यांचं पुडकं दिलं होतं, ते तिने नीट घडी घालून टेबलावर परत ठेवलं. भांडली नाही, बोलली नाही, फक्त परत ठेवलं. तरी नकार तो नकार.

म्हणजे गादीला नाही म्हटलं, तर पुन्हा हॉल.

मी तडक मॅडमच्या खोलीत गेले. “मॅडम, ती गादी देता येणार नाही.”

“का?”

“घाण आहे. दोन्ही बाजूंनी. आणि ढेकूण आहेत.”

मॅडमनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. त्या चष्मा काढतात तेव्हा समजायचं, आता आपल्याला माणुसकी शिकवणार आहेत. “ताई, ती गादी नुसती वस्तू नाही. एका मुलाची भावना आहे ती.”

“भावनेला वास येतोय, मॅडम.”

“मग स्प्रे मारा. ते स्वतः येणार आहेत आज, किल्ली द्यायला. आईची गादी कुणाच्या उपयोगी पडतेय हे त्यांना पाहायचंय. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर येतोय. आता मी त्यांना काय सांगू, तुमच्या आईचा वास येतो?”

मी स्प्रेचा डबा उचलला. उचलायला नको होता.

मी स्प्रे मारला. गुलाबाचा होता. आता त्या गादीला गुलाबांच्या बागेत लघवी केल्यासारखा वास यायला लागला. आम्ही ती टेम्पोतून बाईच्या नव्या घरी नेली, जिन्यावरून वर चढवली, पलंगावर टाकली, वर निळी कोरी चादर ओढली. “संध्याकाळी बदलू,” मी मामांना म्हटलं, “माझ्या घरची आणू, काहीतरी करू.” मामा खिडकी उघडून तिथेच उभे राहिले.

दुपारी सगळे जमले. बाई स्वच्छ होती, धुऊन धुऊन विटलेला कोट, केस घट्ट बांधलेले. मुलीच्या डोक्यावर आता बोटभर केस आले होते. त्यांच्या दोन पिशव्या दाराबाहेर जिन्याच्या कठड्याला टेकवून ठेवल्या होत्या, तोंडाला घट्ट गाठी मारलेल्या. दारात फोटो झाला. शोरूमवाल्यांनी लाल रिबिनीची किल्ली पुढे केली, बाईने घेतली.

“जरा डोळ्यांत पाणी आलं तर छान येईल,” मॅडम हळूच म्हणाल्या. “सांगा ना मामा तिला.”

मामांनी तिला काहीतरी सांगितलं. काय ते माहीत नाही, पण ती जवळजवळ हसली. किल्ली तिने कोटाच्या खिशात टाकली आणि हात तिथेच ठेवला.

मग सगळे झोपायच्या खोलीत. फोटोग्राफर उत्साही होता. “वा, मस्त उजेड आहे. सगळे पलंगावर बसा बघू, घरच्यासारखे.”

मॅडम ऐसपैस बसल्या. दुधाळ रंगाचा कोट घातला होता त्यांनी, खास फोटोसाठी. बाई मात्र उभीच राहिली. तिच्या नाकपुड्या हलल्या. तिने मुलीचा खांदा धरून तिला स्वतःकडे ओढलं. मी भिंतीकडे बघत होते.

“साहेब, तुम्ही मध्ये या,” फोटोग्राफर म्हणाला.

“मी उभाच बरा,” शोरूमवाले म्हणाले. ते दाराच्या चौकटीतून आत आलेच नव्हते.

“अहो असं कसं? तुमच्या आईंची गादी!” मॅडमनी चादरीवर थाप मारली. “या, बसा.”

“नको, पाठ धरलीय माझी.”

“गाद्या विकता आणि पाठ धरते होय तुमची?” फोटोग्राफर हसला. तो एकटाच हसला. “दोन मिनिटं टेका साहेब, फोटोपुरतं.”

“म्हटलं ना, नको!”

ते जरा जोरातच म्हणाले. बाई त्यांच्याकडे बघत होती. मग तिने पलंगाकडे पाहिलं, पुन्हा त्यांच्याकडे, आणि मामांना चार शब्दांत काहीतरी विचारलं.

“काय म्हणतेय?” मॅडमनी विचारलं.

मामा नाक चोळत म्हणाले, “फार आभारी आहे म्हणतेय.”

आभार असे मानत नाहीत. एवढं मला कुठल्याही भाषेत कळतं. “मामा,” मी म्हटलं, “ती बोलली तेच सांगा.”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांची नोकरी, त्यांचं घर, सगळं मॅडमच्या सहीवर. तरी त्यांनी सांगितलं. “ती विचारतेय, हा माणूस का बसत नाही?”

तेवढ्यात मुलगी आईच्या हातातून सुटून पुढे झाली. मॅडमच्या बाहीवर, त्या दुधाळ कापडावर, एक टपोरा ढेकूण सावकाश चालला होता. मुलीने तो चिमटीत पकडला, अंगठ्याच्या नखावर ठेवून दुसऱ्या नखाने चिरडला. पट् असा आवाज आला. घाई नाही, किळस नाही. शेंग फोडावी तसं. मग लाल झालेलं नख तिने मॅडमच्या बाहीला पुसलं आणि आईकडे बघितलं, बरोबर केलं ना, अशा नजरेने.

तो वास ज्याने घेतलाय त्यालाच ठाऊक. मॅडम किंचाळून उठल्या, कोट झटकायला लागल्या. आणि दारातून शोरूमवाले म्हणाले, अगदी शांतपणे म्हणाले:

“हे लोकच घेऊन आलेत. त्या हॉलमधून. अंगावरून येतात ते.”

मला वाटलं होतं माझं नाक निबर झालंय. पण एवढी घाण कुठल्याच पिशवीतून निघाली नव्हती.

मॅडमना मात्र बुडत्याला हात मिळाल्यासारखं झालं. “बरोबर आहे! मामा, सांगा तिला, किल्ली परत दे. आधी दोघींना औषध मारून घ्या, मग बघू. तोवर हॉलमध्येच राहू दे.”

मामा खिडकीबाहेर बघायला लागले.

“मामा!”

“किल्लीला आमच्यात काय म्हणतात, आठवत नाही, मॅडम.”

बाईला सांगायची गरजच नव्हती. मॅडमचा पसरलेला हात तिला दिसत होता. तिचा हात खिशात होता आणि तिथे कापडातून मुठीचा आकार दिसत होता.

मग मी बोलले. “त्यांच्या पिशव्या अजून दाराबाहेर आहेत, मॅडम. गाठीसुद्धा सुटलेल्या नाहीत. त्या दोघी या पलंगाला शिवलेल्यापण नाहीत. ही गादी काल आम्ही यांच्या घरून उचलली. यांच्या गड्याने हातमोजे घालून दिली.” आणि मी चादर ओढली.

डाग सगळ्यांना दिसला. पण मला आता डागापेक्षा मधला खळगा दिसत होता. एका लहानखुऱ्या बाईच्या आकाराचा. कूस बदलायला कुणी नसलं की असा खळगा पडतो. तिच्या अंगाखाली हेच होतं, हेच ढेकूण तिलाही चावत असणार, आणि छतापर्यंत गाद्या असलेल्या माणसाला तिच्याखालची एक बदलता आली नाही. तो तेव्हाही असाच दारात उभा राहत असेल.

“तुमच्या आई यावर झोपायच्या ना हो?” मी विचारलं.

ते वळले. जिन्यावरून त्यांच्या बुटांचा आवाज खाली गेला. मॅडम त्यांच्या मागे धावल्या. फोटोग्राफर मागे रेंगाळला, मला म्हणाला, “पलंगाचा नाही टाकत, दारातलाच टाकतो,” आणि निसटला.

दारातला फोटो छापून आला. रिबीन, किल्ली, शोरूमवाल्यांचं स्मित. छापून आलेलं घर परत कसं घेणार? ते बाईकडेच राहिलं. मॅडमनी मला बोलावून सांगितलं की माझा स्वभाव संस्थेला झेपण्यासारखा नाही, आणि त्याच दमात सांगितलं की सोमवारी जुने फ्रीज येताहेत, आतून धुवायचे आहेत. दुसरं कुणी ते धुणार नाही, हे त्यांनाही माहीत आणि मलाही. मी सोमवारी गेले. एका फ्रीजमध्ये कुणाचं तरी सडलेलं मटण होतं. शोरूमवाल्यांनी आईच्या नावाने आभाराचं प्रमाणपत्र मागितलं. फ्रेम करून दिलं त्यांना. फ्रेमची काच मीच पुसली. हे लिहितानाही मला स्वतःच्या हातांचा वास घ्यावासा वाटत नाही.

ती गादी आम्ही त्याच दिवशी कचरा डेपोवर टाकली. नंतरच्या रविवारी माझ्या घरची एक, कापूस पिंजून नवी खोळ शिवलेली, घेऊन मी आणि मामा त्या घरी गेलो. बाईने दार उघडलं, पण ती उंबऱ्यातच उभी. गादी जिन्यात उन्हात उलगडायला लावली. गुडघ्यांवर बसून तिने शिवणीन् शिवण नखाने उघडून बघितली, आधी एक बाजू, मग दुसरी. मग उठली आणि माझ्याकडे वळली. माझी कॉलर उलटी केली, बाह्यांच्या दुमडी सोडल्या, मला खांद्याला धरून पाठमोरी फिरवलं. मुलगी दाराआडून बघत होती. तिचे हात दोन्ही बाजूंना स्वस्थ लोंबत होते.

“मला तर बूटसुद्धा झटकायला लावले,” मामा म्हणाले.

बाई त्यांना काहीतरी बोलली.

“काय म्हणतेय? बोलली तेच सांगा.”

“म्हणतेय, चालेल, आत या. पण कोट बाहेर राहू दे.”

मी कोट काढून कठड्यापाशी खाली टाकला. तिने तो पायाने आणखी थोडा लांब सरकवला आणि मग दारातून बाजूला झाली.