खालचा सूर

"परत सगळ्याजणी खाली आल्या," म्हणत कीर्तीने पेटी थांबवली.

समाजमंदिरात सतरंजीवर आठ बायका बसल्या होत्या. मनिषाच्या लेकीची, रियाची हळद रविवारी होती, आणि हळदीचा धवला, म्हणजे लग्नघरी बायकांनी म्हणायचं पारंपरिक गाणं, यंदा दोन सुरांत म्हणायचा, असा रियाचा हट्ट होता. तिची मैत्रीण कीर्ती कामोठ्याच्या एका शाळेत मुलांना समूहगान शिकवायची, तिलाच तिने बोलावलं. मनिषाने सहाजणींना घेऊन वरचा सूर धरायचा, चंद्रावतीने एकटीने खालचा. दोन्ही एकाच वेळी, पण आपापली वाट सोडायची नाही.

गावातल्या प्रत्येक हळदीला तीस वर्षं पहिली ओळ चंद्रावतीची असायची. आता ती मनिषाची, म्हणजे तिच्या धाकट्या जावेची. तिला धवले शिकवले कोणी, तर चंद्रावतीनेच. पहिल्या दिवशी कीर्ती सहज म्हणून गेली होती, "काकू, तुमचा आवाज आता खाली छान बसतो." वर गेला की आवाज फाटतो हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, पण आजवर कोणी तोंडावर बोललं नव्हतं. चंद्रावतीच्या पोटात दुखू लागलं ते तेव्हापासून. उगाच दुसरं नाव कशाला द्या, हेवाच होता तो.

कीर्तीला वाटे, काकूंचा आवाज मोठा पडतो. खरी गोम वेगळीच होती. धवल्यात एकीने ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी तिच्या तोंडून उचलायची. चंद्रावतीने तोंड उघडलं की बायका आपसूक तिच्यामागे जात. हे तिच्या दुसऱ्याच दिवशी ध्यानात आलं, आणि मग ती मुद्दाम प्रत्येक ओळ किंचित आधी उचलू लागली. वर साळसूदपणे म्हणायची, "माजंच चुकलं, बाय."

रविवारी दुपारी मांडवात रिया पाटावर बसली. मनिषाने पहिली ओळ दिली. चंद्रावतीने दुसरी तशीच आधी उचलली, आणि एकेक बाई तिच्यामागे खाली घसरली. वर मनिषा एकटी उरली. लेकीच्या हळदीत तिचा आवाज कापायला लागला. पाहुण्यांत कोणीतरी हसलं.

मनिषाने चंद्रावतीकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर चंद्रावतीला बरंच वाटलं असतं. पण नवी सून म्हणून पहिल्यांदा धवल्याला बसली आणि ओळ विसरली, तेव्हा जसं पाहिलं होतं, तसंच पाहत होती. आता बाय सांभाळून घेईल, अशा नजरेने.

चंद्रावतीने तोंड मिटलं.

बायका बावरल्या. अर्धी ओळ रिकामी गेली, आणि मग मांडवात जो एकच सूर उरला होता तिकडे त्या धावल्या. मनिषाचा आवाज स्थिर झाला. त्या पक्क्या बसल्याची खात्री झाल्यावरच चंद्रावती हळूच खालून आत शिरली, या वेळी किंचित उशिराने. वरचा सूर तिच्या आधाराने असा उभा राहिला की हळद लावणाऱ्या बायकांचे हात थांबले. तीस वर्षं ती पुढे होती, बाकीच्यांचं गाणं तिने धड ऐकलंच नव्हतं. आज ऐकलं. छान होतं, आणि तरी आत जळत होतंच.

धवला संपला. पहिली ओळ देणारीच्या ओटीत नारळ घालायचा मान गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या गोदूबाईंचा. मोतीबिंदूने त्यांना धड दिसत नव्हतं. नारळ घेऊन त्या सवयीने सरळ चंद्रावतीपुढे आल्या.

"पदर पसर गो."

चंद्रावतीने त्यांचं मनगट धरलं आणि हात मनिषाकडे वळवला.

"यंदा हिचा हाय, गोदूबाय. पयली वल हिनंच दिली."

मनिषा काही बोलणार होती, पण चंद्रावतीने मान खाली घातली. तिचा स्वतःचा पदर केव्हाचा मांडीवर पसरलेला होता. तो तिने सावकाश गोळा केला आणि त्यालाच हाताची हळद पुसत बसली.