अल्लाबक्ष लांगरी

“मुलाणी लांगरी हितंच ऱ्हातात का?”

दारातल्या माणसानं चपला आधीच काढून ठेवल्या होत्या. पंचाहत्तरीचा असेल. पांढरी टोपी, कडक इस्त्रीचा सदरा, खांद्याला कापडी पिशवी. साताऱ्याहून पहाटे निघून अकराला लोणावळ्यात पोचलेला माणूस एवढा न चुरगळता कसा राहतो, ते फौजेलाच ठाऊक. मी “या, या फाळकेकाका” म्हणत खुर्ची पुढे केली.

लांगरी म्हणजे फौजेतला स्वयंपाकी, हे मला महिनाभरापूर्वीच कळलं होतं. बावीस वर्षं ज्या सासऱ्यांच्या ताटात मी भाकरी वाढतेय ते एकाहत्तरच्या लढाईत होते, हेही तेव्हाच कळलं. ट्रंक आवरताना माझ्या मुलीला, अमिनाला, एक फोटो सापडला. वर्दीतली बारा पोरं, आणि कडेला नुकतं मिसरूड फुटलेले आमचे अब्बा. अमिनानं तो माजी सैनिकांच्या कुठल्याशा ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, यातलं कोणी ओळखीचं आहे का. टाकायला मीच सांगितलं होतं. गल्लीत चार घरी मिरवूनही झालं होतं. अठराव्या दिवशी फोन आला. पलीकडच्या माणसानं नमस्कारही न करता विचारलं, “कडंचा लांगरी जिता हाय?”

फाळके नावाचे गृहस्थ भेटायला येताहेत हे सांगितलं तेव्हा अब्बांनी हातातला घास ताटात ठेवला. “कशाला हुडकलंस, जीनत?” एवढंच म्हणाले आणि उठले. मला वाटलं, म्हातारपणाचे नखरे. मी आपली शाल आणि नारळ आणून ठेवला.

अब्बांचं आयुष्य तसं सांगायला दोन ओळींचं. एका शाळेच्या वसतिगृहात एकतीस वर्षं स्वयंपाक केला आणि निवृत्त झाले. लोकांना आठवतं ते एवढंच, की साडेबाराची घंटा आणि अब्बांचं वाढप यात कधी मिनिटाचं अंतर पडलं नाही. एका पावसाळ्यात स्वयंपाकघर आणि जेवणघर यांच्यामधलं अंगण बुडालं, तेव्हा भाताचं पातेलं डोक्यावर घेऊन कमरेइतक्या पाण्यातून गेले. घरीही तीच तऱ्हा. मला दहा मिनिटं उशीर झाला तर बोलायचे नाहीत, नुसते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे. त्या उभं राहण्याचा मला मनस्वी राग यायचा.

दोघं म्हातारे समोरासमोर आले तेव्हा मिठीबिठी काही झाली नाही. “लय वाळला की तुमी, मुलाणी,” फाळके म्हणाले. अब्बा खाटेच्या कडेला टेकले आणि फरशीकडे बघत राहिले. मी चहा टाकायला आत गेले, पण कान बाहेरच होते.

“पन्नास वर्सं तुमाला हुडकतोय,” फाळक्यांचा आवाज आला. “चौकीवर बारा जण व्हतो आमी. दीस मावळताना तुमी खालनं जेवण आणायचा. त्या दिशी आला न्हाई. आदल्या रातीपासनं कुणाच्या पोटात काय नव्हतं. नाईक अंबाजी म्हनला, फाळके, तू जा, लांगऱ्याला काय झालं बघ. मी उतरलो. पाचशे पावलं गेलो नसंन, मागं गोळा पडला. चौकीवरच. तसाच माघारी वर गेलो, तर हाक माराय कुणी नव्हतं. अकराच्या अकरा.”

मी गॅस बारीक केला.

“सकाळी वाटंवर तुमचं डबं घावलं. दोन्ही. बाभळीखाली नीट ठेवल्यालं, झाकणं लावल्यालं. मला वाटलं, मुलाणी बी गेला. पुढं लढाई सरल्यावर कळलं, जिता हाय, पर तवर तुमी नोकरी सोडून गेलता. तवापासनं एकच इचार डोक्यात. गोळा लागल्याला माणूस डबं असं नीट ठेवंल का?”

मग अब्बा बोलले.

“मला काय लागलं नव्हतं. भ्यालो मी. निम्म्या वाटंत व्हतो, बाजूला गोळा पडला. डबं ठेवलं आन् चरात जाऊन पडलो, अंधार पडंपतूर. तुमी वाट बघताय, ठावं व्हतं. तरी उठलो न्हाई. मग खाली पळालो. साहेबाला सांगितलं, वाट बंद व्हती.”

मी चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यापर्यंत आले होते. तिथेच थबकले. स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहणारा तो माणूस मला बावीस वर्षांत पहिल्यांदा कळला, आणि कळला त्याच क्षणी त्याचा भयंकर संतापही आला. अकरा माणसं उपाशीपोटी वाट बघत मेली आणि मी त्याच्यासाठी शाल आणली होती.

फाळके उठून निघून जातील असं मला वाटलं. ते उठले नाहीत.

“तुमी वक्ताला आला असता,” ते सावकाश म्हणाले, “तर मी बी वरच जेवाय बसलो असतो. बारावा. माझी तीन पोरं, सात नातवंडं, समदी तुमच्या भ्याण्यावर झाली. आता तुमाला शिव्या देऊ का तुमच्या पाया पडू, तुमीच सांगा.”

मी ट्रे दोघांच्या पुढे ठेवला. चहावर साय धरली.

“खोटा तर मी बी हाय,” फाळकेच पुढे बोलले. “बहात्तरला रजा घिऊन अकरा घरं फिरलो. सगळीकडं एकच सांगितलं. पोटभर जेवून हसत बसलो व्हतो, तेवढ्यात झालं. माणूस गेला ह्ये घरची पचवत्यात. उपाशी गेला ह्ये न्हाई पचत. अंबाजीच्या रतनबाईला बी तेच सांगितलं.”

अब्बांनी पहिल्यांदाच मान वर केली. “जिती हाय ती?”

“हाय की. तुमच्याच गावात. तिथं बी तुमाला हुडकलं, पर कुणाला पत्ता ठावं नव्हता. तुमाला ठावं न्हाई?”

आमचं मूळ गाव आंदर मावळात, एवढंच मला माहीत होतं. घर पडलं, तिकडं आता आपलं काही नाही, असं अब्बा सांगायचे आणि विषय बदलायचे. बोलता बोलता आज बाकीचं बाहेर आलं. अंबाजी त्याच गावचा. त्यानंच अब्बांना भरतीला नेलं होतं. त्याच्या बायकोला तोंड दाखवायला नको म्हणून या माणसानं गाव टाकलं होतं, गाडीनं तास-दीड तासावरचं गाव.

“नवाजला गाडी काढाय सांग,” अब्बा मला म्हणाले. नवाज म्हणजे माझा नवरा. तो पर्यटकांची गाडी चालवतो.

“कशापायी?” फाळके एकदम चिडले. “म्हातारी पन्नास वर्सं त्या एका शब्दावर जगली. त्यो काढून घेणार?”

मीही बोलून गेले. “अब्बा, तुमचं ओझं हलकं करायला तिच्या डोक्यावर का टाकता?”

“तिनं मला सख्ख्या दिरावानी जेवू घातलंय,” अब्बा म्हणाले. “तिला फसवून मराय नगं मला.”

आम्ही चौघं गाडीत बसलो. कान्हे फाटा गेला, टाकवे गेलं. पुढे रस्ता चढाचा. भात कापून मोकळी झालेली खाचरं दोन्ही बाजूंना. वाटेत दोनदा मला वाटलं, नवाजला गाडी वळवायला सांगावी. माझ्यामुळे हे सगळं उकरलं गेलं होतं.

रतनबाई गोठ्यासमोर वासराला पेंढा घालत होती. सुरकुतलेली, बुटकी, पण नजर स्वच्छ. गाडीतून उतरलेल्या अब्बांकडे तिनं क्षणभर निरखून पाहिलं.

“मुलाण्याचा अल्लाबक्ष ना तू? आत्ता वाट घावली व्हय?”

“व्हय, वैनी.”

तिनं ओटीवर बसायला सांगितलं. अब्बा बसले नाहीत. सकाळी फाळक्यांना सांगितली तीच वाक्यं त्यांनी उभ्या उभ्या सांगितली, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. मग फाळक्यांनी हात जोडून आपलं खोटं कबूल केलं. पेंढ्याची पेंडी हातात तशीच धरून रतनबाई पायरीवर बसली.

“मंजी उपाशी गेलं.”

“व्हय.”

“ह्ये फाळके म्हनलं, पोटभर जेवलं व्हतं. म्हून मी बी दर वर्सी त्या दिशी पोटभर…”

तिनं वाक्य पुरं केलं नाही. तार आजच हातात पडावी तसा तिचा चेहरा झाला होता. मला बघवेना. मी वासराकडे बघत राहिले. ते तिच्या हातातली पेंडी ओढत होतं आणि तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

“केवढा व्हतास तवा?”

“एकवीसाचा.”

“त्ये चोवीसाचं व्हतं,” ती म्हणाली.

आता ही आम्हाला हाकलून देणार, असं मला वाटलं. दिलं असतं तर मी एका शब्दानंही रागावले नसते. नवाजनं गाडीची किल्ली खिशातून काढून हातात घेतली.

“डब्यात काय व्हतं?” रतनबाईनं विचारलं.

अब्बांना प्रश्न कळला नाही. तिनं पुन्हा विचारला. “त्या डब्यात. काय केलं व्हतंस त्या दिशी?”

“भात,” अब्बा म्हणाले. “मसुराची डाळ. बटाटा. गूळ आलता, म्हून लापशी केलती.”

“तुमच्या फलटणीची डाळ मंजी फिकी. त्यांच्या नरड्याखाली उतरली नसती.”

“ठावं व्हतं, वैनी. त्यांच्यापुरता ठेचा केलता. कागदात बांधून येगळा ठेवलता.”

रतनबाईनं मान हलवली.

“बरं केलंस,” ती म्हणाली.