एकाच चॅनेलवर दोन क्रेन

क्रेन चालवणाऱ्या बाईला साइटवर सगळे घार म्हणत. दिवसभर उंच केबिनमध्ये बसून तिला खालचं सगळं दिसायचं. इमारतीची मागची बाजू तेवढी दिसत नसे. तिथे माल उतरवताना तिची सगळी भिस्त सिग्नलमन दादावर आणि त्याच्या वॉकीटॉकीवर.

हे वॉकीटॉकी कमी ताकदीचे, परवाना न लागणारे होते. त्यात बेकायदा काही नव्हतं. फक्त त्यांचे चॅनेल सगळ्यांचे सामाईक. शेजारी दुसरी इमारत उठू लागली, तिथल्यांनीही तसलेच सेट घेतले आणि घारीच्या कानात परकी बोलणी येऊ लागली. ती मॅनेजरकडे गेली.

"साहेब, आपल्यापुरती वेगळी फ्रिक्वेन्सी घ्या. परवान्याचा अर्ज करा."

"बघू. तोवर चॅनेल बदला."

चॅनेल बदलला. शेजाऱ्यांनीही बदलला. घार पुन्हा गेली, पुन्हा "बघू" ऐकून परत आली.

मग एका दुपारी सळयांचा गठ्ठा मागच्या बाजूला लटकत होता. तो टेकवण्याआधी दादा खालचा लाकडी ओंडका सरळ करत होता. घारीच्या कानात आवाज आला, "खाली घे, सावकाश." तिने खाली घेतलं. हुकूम शेजारच्या साइटवरचा होता. दादाची दोन बोटं गेली.

मॅनेजरने तिलाच बोलावून घेतलं. "आपल्या माणसाचा आवाज ओळखू येत नाही तुम्हाला?"

"त्या खरखरीत माझ्या आईचा आवाजही ओळखू येणार नाही. म्हणून तर सांगत होते."

"झालं ते झालं. मी सोय केलीय." त्याने टेबलावर मोठे, लांब अँटेनाचे सेट मांडले. "पाच वॅटचे आहेत. शेजाऱ्यांची बोलतीच बंद."

"याला तर परवाना लागतो. आहे?"

"कोण बघायला येतंय?"

घारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे आता आपले हुकूम त्यांच्या कानात घुसणार. उद्या तिकडच्या कुणाची बोटं जातील, एवढाच फरक."

तिने सेटला हात लावला नाही. संध्याकाळी शेजारच्या क्रेनवर काम करणाऱ्या काकांना तिने फाटकावर गाठलं.

"मलाही तुमच्या दादाचं 'उचल' ऐकू आलं होतं," काका म्हणाले. "उचललंही मी. नशीब, जवळ कुणी नव्हतं. आमचे साहेब म्हणतात, कान उघडे ठेवा."

"कान उघडेच आहेत, काका. बोलतंय कोण तेच कळत नाही."

दुसऱ्या दिवशी दोन्ही क्रेन जागच्या हलल्या नाहीत. मॅनेजरने कामावरून काढायची धमकी दिली. घार शिडीपाशी बसून राहिली. "खुशाल काढा. नवा माणूस येईल त्यालाही मी हेच सांगेन." मालाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली, तेव्हा कुठे दोन्हीकडचे साहेब एका खोलीत बसले. दोघांनी परवान्याचे अर्ज केले. तोवर मागच्या बाजूला एका वेळी एकच क्रेन चालवायची आणि मध्ये माणूस उभा करून हाताच्या खुणांनी काम करायचं ठरलं.

परवाने आले. दोन्ही साइटना वेगळ्या फ्रिक्वेन्सी मिळाल्या. आता आधी क्रेनचं नाव, मग हुकूम. घारीने तो परत म्हणून दाखवल्याशिवाय काही हलत नाही. मॅनेजरने फाटकावर 'सुरक्षिततेत तडजोड नाही' असा फलक लावला आणि त्याखाली फोटोला उभं राहायला घारीला बोलावलं. ती गेली नाही.

त्याऐवजी ती दादाच्या घरी गेली. तो उरलेल्या बोटांनी शर्टाची बटणं लावायची खटपट करत होता. परवाना मिळाल्याचं ऐकून वहिनीने विचारलं, "मग आधी काय अडलं होतं?"

"काहीच नाही, वहिनी. कुणीतरी अर्ज करायला हवा होता."

"एवढंच?"

"एवढंच."

वहिनीने दादाच्या शर्टाचं राहिलेलं बटण लावलं. मग म्हणाली, "तुमच्या साहेबांना इथे पाठवा. हे मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय."

घार हा निरोप दर सोमवारी साहेबांच्या टेबलासमोर उभी राहून सांगते. साहेब अजून गेलेले नाहीत.