मोठ्याने विचार करा

मुलाखतीत नापास करताना एका मोठ्या कंपनीने कारण कळवलं: उत्तर अचूक, पण उमेदवाराच्या मनात काय चाललंय ते शेवटपर्यंत कळलं नाही. महिन्याभराने दुसऱ्या विभागासाठी पुन्हा बोलावू, तोवर मोठ्याने विचार करायचा सराव करावा.

उमेदवार चाळिशी उलटलेला सॉफ्टवेअर इंजिनिअर होता. सासरची मंडळी त्याला मौनीबाबा म्हणत, तेही त्याच्यासमोर, कारण तो काही बोलणार नाही याची खात्री होती. बायकोने ईमेल दोनदा वाचली.

"पंधरा वर्षं मी हेच म्हणतेय," ती म्हणाली. "मला कुणी परीक्षक म्हणालं नाही."

सरावाची सूत्रं तिनेच हाती घेतली. घरात जे जे मनात येईल ते तोंडाने बोलायचं, गाळायचं काही नाही. पहिल्या आठवड्यात त्याने कांदा चिरताना कांदा चिरण्याचे तीन मार्ग सांगितले आणि प्रत्येकाला किती वेळ लागेल याचा अंदाज दिला. कांदा तसाच राहिला. दुसऱ्या आठवड्यात गाडी रुळावर आली आणि त्याच सुमारास मेहुणा आला.

"मेहुणा आलाय," मौनीबाबा दारातच म्हणाला. "हात रिकामे आहेत, म्हणजे काही द्यायला आलेला नाही. उरलं मागणं. ड्रिल मशीन किंवा कार. कार मागच्या वेळी ओरखडा घेऊन परतली, म्हणून आधी ड्रिल मशीन पुढे करून बघू."

"भावोजी, मी नुसता भेटायला आलो होतो," मेहुणा म्हणाला. मग बराच वेळ बसून, जाताना ड्रिल मशीन घेऊन गेला. बायकोला रागावता येईना, नियम तिचाच होता. एकीकडे तिला हे आवडायलाही लागलं होतं. नवी साडी नेसल्यावर तो चक्क बोलला. जे बोलला ते सोडून देऊ, पण बोलला.

महिन्याभराने बोलावणं आलं. मुलाखतीची शेवटची फेरी विभागप्रमुखांबरोबर, घरूनच, लॅपटॉपवर. खोलीत दुसरं कुणी नाही हे कॅमेरा फिरवून दाखवायचं होतं. दाखवलं. बायको दाराबाहेर स्टूल टाकून बसली, ते कॅमेऱ्यात येत नव्हतं.

कोडं त्याने बोलत बोलत, चुकत, सुधारत सोडवलं. विभागप्रमुख खूश दिसले. मग त्यांनी सहज विचारलं, की आमच्याच कंपनीत का यायचंय?

"तीन पर्याय आहेत," मौनीबाबा म्हणाला. जीभ आता आपोआप सुटत होती. "तुमच्या कंपनीचं लहानपणापासून वेड आहे असं सांगता येईल. पण कंपनी निघाली तेव्हा माझं लग्न झालेलं होतं, म्हणून तो बाद. दुसरा, मला नवी आव्हानं हवीत. नकोत. आहेत ती पुरे. तिसरा म्हणजे खरं ते. सध्या आहे तिथला माझा विभाग पुढच्या महिन्यात बंद होतोय, हाती दुसरी नोकरी नाही, आणि हे मी अजून घरी सांगितलेलं नाही."

दाराबाहेर स्टूल सरकल्याचा आवाज झाला.

विभागप्रमुखांनी समोरचा कागद बाजूला ठेवला. पुढचा प्रश्न बहुधा त्या कागदावर नव्हता. "घरी का नाही सांगितलं?"

"याला वेळ लागेल," मौनीबाबा म्हणाला. "थोडं गप्प राहिलो तर चालेल का?"

"चालेल."

तो गप्प राहिला. विभागप्रमुखही गप्प राहिले. त्यांचंही लग्न झालेलं असावं.

"बरं," शेवटी ते म्हणाले, "एक तारखेपासून रुजू होता येईल?"

"येईल," दाराबाहेरून आवाज आला.

विभागप्रमुख स्क्रीनच्या जवळ आले. "हे कोण बोललं?"

"विचार माझाच आहे," मौनीबाबा म्हणाला. "आवाज बायकोचा."

नेमणुकीचं पत्र शुक्रवारी आलं. घरातली मुलाखत मात्र अजून चालू आहे. तिथे थोडं गप्प राहिलो तर चालेल का, हे त्याने विचारून पाहिलं. चालत नाही.