नव्या इंजेक्शनची वाट

"काका, सिग्नलला तुम्ही डोळे का मिटता?"

मैत्रिणींनी पैजच लावली होती. "तुझेच बाबा ना ते? मग तूच विचार, तेही सगळ्यांसारखं काका म्हणून!" शाळेच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसून तिने खणखणीत आवाजात विचारलं.

"तुमचा गोंगाट ऐकून झोप लागते गं मला!" बस चालवणारे बाबा आरशात बघून म्हणाले. अख्खी बस खिदळली. पण बाबांचा एक हात मानेमागे घट्ट दाबलेला होता. तिचं हसू तिथेच विरलं.

घरी आल्यावर तिने आईला गाठलं. आईने आधी टाळलं, मग म्हणाली, "बीपीच्या गोळ्या सोडल्यात त्यांनी."

"सोडल्यात कुठे?" बाबा खुर्चीतूनच म्हणाले. "लायसन्सची तपासणी आली की घेतो ना! बीपी कसं शहाण्या बाळासारखं खाली बसतं. आणि आता नवीन इंजेक्शन येतंय, वर्षातून दोनदा टोचलं की झालं. मोबाइलवर वाचलंय मी. तोवर रोज कोण गिळत बसणार?"

रविवारी आत्या आली. ती इस्पितळात डॉक्टर. तिने बाबांचं बीपी मोजलं. थोडं थांबून पुन्हा मोजलं. एरवी घरात पाऊल टाकताच भावाची टिंगल करणारी आत्या आज खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

"दादा, त्या इंजेक्शनच्या अजून चाचण्या चालल्यात. किडनीजवळच्या नसांवरचाही नवा उपचार आहे, पण तो ठरावीक रुग्णांनाच देतात, आणि त्यानंतरही बहुतेकांना गोळ्या लागतातच. तुझ्यासाठी आज आहे ती एकच गोळी, दोन औषधं एकत्र केलेली. तीसुद्धा रोज घेतली तरच!"

"मला काही होत नाही गं."

"तुझ्याबरोबर गाडी चालवायचा तो लंबू आठवतो? तोही हेच म्हणायचा. आता अर्धांगवायू होऊन माझ्या वॉर्डात आहे. बायको चमच्याने भरवते, निम्मं ओठांतून गळतं. तिचं नावसुद्धा त्याला घेता येत नाही."

बाबांचा चेहरा पडला. ते पुटपुटले, "खरं सांगितलं तर गाडी काढून घेतील. दुसरं काय येतं मला?"

आईने तोंडाला पदर लावला. आणि लेकीच्या डोळ्यांपुढे सगळी बस उभी राहिली! खिडकीसाठी भांडणारी पहिलीतली चिल्लीपिल्ली, दप्तरांचा ढीग आणि स्टिअरिंगवर एका बाजूला कलंडलेले बाबा...

वाचकहो, उद्याचा उपचार कितीही भारी असो, रक्तदाब आजच चढत असतो! आणि तपासणीपुरतं घेतलेलं औषध तपासणाऱ्याला फसवतं, शरीराला नाही.

लेक उठून आईबाबांसमोर उभी राहिली.

"आई, बाबा, ऐका. उद्या मी बसमध्ये चढणार नाही. शाळेत जाऊन सगळं सांगणार आहे. डॉक्टर हो म्हणेपर्यंत बाबांच्या हातात गाडी देऊ नका, असंही सांगणार. बाबा, तुम्ही बरोबर आलात तर तुम्ही बोला. नाही आलात, तर मी एकटी बोलेन!"